वादळानंतर वाडीत आधी उभ्या झाडांकडे बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. श्रीवर्धन तालुक्यात तुमची घरची माड-पोफळीची वाडी आहे, वरच्या अंगाला हापूसची काही कलमं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त झाडं पडली. टाळेबंदीतून पास काढून तुम्ही आठ-दहा जण मुंबईहून गेलात, दोन कटर (झाडं कापायच्या यांत्रिक करवती) नेलेत आणि चार दिवसांत वाडी मोकळी केलीत. ओंडके गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला रचून ठेवले. या घाईत एकाच्या पायाला मोठी जखम झाली, एक जण तापाने आडवा पडला. आणि पुढच्या दोन वर्षांत वादळातून वाचलेले माड एकेक करून शेंडा टाकत गेले, उरलेल्या पोफळीही करपल्या. ‘आमचं काय चुकलं, आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं?’

मी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बागायतदारांना सल्ला देण्याचं काम वीसहून जास्त वर्षं करतो. निसर्गनंतरचं जवळजवळ सगळं वर्ष मुरुड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये गेलं. लगेच २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. या दोन वादळांत जे पाहिलं, त्यावरून लिहितो.

तुमची चूक एवढीच, की सगळ्यांची नजर पडलेल्या झाडांवर राहिली आणि उभ्या झाडांकडे कुणी पाहिलं नाही. स्वतःला फार दोष देऊ नका. आईवडिलांची पन्नास वर्षांची वाडी आडवी पडलेली बघून कुणालाही ते दृश्य डोळ्यांसमोरून लवकर हटवावंसं वाटतं. पण पडलेलं झाड पळून जात नाही. ते आठ दिवस तसंच राहिलं तरी नुकसान वाढत नाही. उभं झाड मात्र त्या आठ दिवसांत जगायचं की मरायचं हे ठरवत असतं.

आधी माडांचं सांगतो, कारण तिथे नेमकं काय झालं ते तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून स्पष्ट दिसतं. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या, पंख्याच्या आकाराच्या बाहेर आल्या असं तुम्ही लिहिलंय. हे गेंड्या भुंग्याचं काम. हा भुंगा उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो, पण अंडी तिथे घालत नाही. अंडी घालतो कुजक्या लाकडात, शेणखड्ड्यात, पालापाचोळ्याच्या ढिगात. पडलेल्या माडाचा ओंडका पावसात भिजून आतून मऊ झाला की त्याला हवी तशी जागा मिळते. आत हुमणीसारखी पांढरी, जाड, वळलेली अळी वाढते आणि अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे जूनमध्ये रचलेल्या ढिगातून थंडी-उन्हाळ्यात भुंगे उडायला लागले आणि शेजारीच उभे असलेले तुमचे माड त्यांना मिळाले. गडग्याच्या कडेला नीट रचलेला तो ढीग म्हणजे वर्षभर चालणारा भुंग्यांचा कारखाना होता.

गेंड्या भुंग्याने भोक पाडलं की मागून सोंड्या नावाचा दुसरा भुंगा येतो, आणि तो जास्त वाईट. त्याला ताज्या जखमेचा वास लागतो. वादळात तुटलेल्या झावळ्या, कोयत्याने खोडाला लागून छाटलेल्या हिरव्या झावळ्या, खोडावर बसलेले घाव, या सगळ्यांतून तो शिरतो आणि त्याची अळी खोड आतून खाते. वरून झाड बरेच दिवस चांगलं दिसतं. एका आगरात घरच्या आजींनी मला हाताला धरून एका माडापाशी नेलं आणि म्हणाल्या, ‘कान लाव.’ खोडाला कान लावला तर आतून स्पष्ट कुरकुर ऐकू येत होती, कुणी सुकी भाकरी चावतंय तशी. खोडावर एक बारीक भोक, त्यातून तांबूस चिकट रस ओघळलेला आणि चोथ्याचे धागे बाहेर आलेले. चांगला लगडलेला माड होता. महिन्याभरात त्याचा शेंडा वाकला.

म्हणून पुढच्या वेळी माडाचा ओंडका वाडीत कुजायला ठेवायचा नाही. जुन्या माडाचं खालचं खोड कठीण असतं. त्याचे वासे, रिपा, गोठ्याचे खांब होतात, ते कापून घ्या. उरलेल्याचे फाळे करून उन्हात वाळवा आणि जळणाला वापरा. फोडलेलं लाकूड वाळतं, अखंड ओंडका सडतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पावसात वाळवणं शक्य नसेल तर निदान फाळे करून छपराखाली न्या. शेणखड्ड्यात अळ्या दिसल्या तर मेटारायझियम ही बुरशी मिसळा. ती अळ्यांना रोग लावून मारते आणि कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांत, कृषी विभागाच्या प्रयोगशाळांत चौकशी केली की मिळते. उभ्या माडाच्या हिरव्या झावळ्या शक्यतो तोडू नका. तोडावीच लागली तर खोडापासून सुमारे चार फूट देठ ठेवून तोडा, म्हणजे सोंड्याला थेट खोडापर्यंत वाट मिळत नाही.

आता पोफळी. श्रीवर्धनची रोठा सुपारी सावलीत वाढलेली. माड, आंबा, फणस यांच्या आधाराने ती उभी असते. वादळात वरची सावली गेली आणि आयुष्यात कधी ऊन न पाहिलेल्या खोडांवर दुपारचं ऊन थेट पडायला लागलं. पावसाळ्यात ते कळत नाही. ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, खोडाची नैर्ऋत्येकडची बाजू आधी पिवळी, मग तांबडी पडते, तडकते, आणि पुढच्या पावसाळ्यात साध्या वाऱ्याने झाड तिथेच मोडतं. तुमच्या ‘करपलेल्या’ पोफळी या अशा आहेत. उपाय अगदी स्वस्त होता. पाऊस ओसरताच त्या बाजूला सुपारीच्या किंवा माडाच्या झावळ्या बांधायच्या, नाहीतर खोडाला चुना लावायचा. आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात केळी लावायच्या. केळ वर्षभरात सावली देते, घड देते आणि नव्या सुपारीच्या रोपांनाही लागणारी सावली तीच.

आता पहिल्या दिवसापासून सांगतो. पहिल्या दिवशी कटर गाडीतच ठेवा. खरंच सांगतो, त्या दिवशी कापायचं काहीच नाही, फिरून बघायचं. लांब काठी, गमबूट, जाड हातमोजे. पहिलं काम तारा शोधणं. पडलेल्या झावळ्यांखाली, कुंपणाच्या तारेला चिकटून, विहिरीच्या पंपाकडे जाणारी वायर तुटून पडलेली असते. गावात वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असं धरू नका. कुणीतरी चार घरं पलीकडे जनरेटर सुरू केला आणि मेन स्विच पाडला नाही, तर तीच वीज उलटी फिरून तुमच्या वाडीत येते. निसर्गनंतर काही गावांत वीज यायला महिना लागला आणि दारोदारी जनरेटर लागले होते, हे तुम्ही पाहिलंय. तारेपासून लांब राहा, लोखंडी कुंपणाला हात लावू नका, महावितरणचा माणूस येऊन सांगेपर्यंत त्या बाजूला कुणालाही जाऊ देऊ नका. पाणी शिरलेली मोटर सुरू करून बघायचा मोह होतो. ती आधी उघडून वाळवायची, वायरमनकडून तपासून घ्यायची, मग चालू.

जनरेटर पडवीत किंवा गोठ्यात ठेवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि बंद जागेत तो माणसाला झोपेतच मारतो. पाऊस आहे म्हणून आत ओढला, हे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा बाहेर काढायला लावला.

त्याच पहिल्या दिवशी फोटो काढायचे. एकही झाड कापण्याआधी. प्रत्येक पडलेलं झाड, त्याचा बुंधा, आणि वाडीचा एखादा ओळखीचा कोपरा मागे येईल असे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा झाडं कापून झाली असतील, तर मोजणार काय? बुंधे तसेच राहू द्या, त्यांवर खडूने आकडे घाला. कोकणात आणखी एक अडचण असते ती म्हणजे सामायिक सातबारा. बारा जणांची नावं, त्यातले सहा मुंबईत, दोन परदेशात, आणि पीकपाहणीत वाडीची नोंदच नाही. संमतीपत्रं आणि बँकेचे तपशील आज, ऊन असताना, गोळा करून ठेवा. निसर्गनंतर शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरी वाटते, पण ५० हजार हेक्टरी म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला २,५०० रुपये. दाट लावलेल्या सुपारीच्या वाडीत एवढ्या पैशांत कापणीची मजुरीही निघत नाही. म्हणूनच तिथले बागायतदार झाडागणिक मदत मागत होते, आणि ती मागणी रास्तच होती. पण झाडागणिक मागायचं तर झाडागणिक मोजदाद हातात हवी.

दुसऱ्या दिवशीपासून कापणी, आणि इथेच तुमच्या मित्राच्या पायाला जखम झाली. आडवं पडलेलं झाड निवांत दिसतं, पण त्याच्या लाकडात ताण भरलेला असतो. कुठे वाकलंय, कुठे दाबलं गेलंय, कुठे दुसऱ्या झाडावर टेकलंय, हे न बघता कटर लावला की पातं अडकतं नाहीतर फांदी उसळते. सगळ्यात धोकादायक म्हणजे मुळांसकट उपटलेला आंबा. मुळांची आणि मातीची भली मोठी ताटली उभी राहते, खाली खड्डा होतो. एका ठिकाणी खड्ड्यात उतरून एक जण मुळं साफ करत होता आणि वरच्या अंगाला दुसरा खोड कापत होता. त्याला हाक मारून वर बोलावलं, पाणी दिलं. तेवढ्यात खोड सुटलं. खोडाचं वजन जाताच ती ताटली झपकन मागे जाऊन खड्ड्यावर बसली, जमिनीशी सपाट. तो माणूस पेला हातात धरून बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. आम्ही त्या दिवशी काम बंद केलं.

तेव्हा, कटर ज्याच्या हाताला रोजची सवय आहे तोच चालवेल. त्याच्याबरोबर एक जण फक्त वर आणि आजूबाजूला बघायला. बाकीचे झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. खड्ड्यात कुणीही नाही. दुसऱ्या झाडावर अडकून लोंबकळणाऱ्या फांद्यांखाली कुणीही नाही. मोडका शेंडा अडकलेल्या माडावर पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) चढवू नका, तो कितीही ‘जातो मी’ म्हणाला तरी. संध्याकाळी चारनंतर कटर बंद. बहुतेक इजा दमलेल्या हातांनी, ‘एवढं एकच’ म्हणताना होतात.

घराच्या छपराचंही तसंच. सिमेंटचे पत्रे ओले असताना त्यांवर चढू नका, आणि फुटलेले पत्रे करवतीने कापू नका. त्यांतली धूळ फुप्फुसांना फार वाईट. पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून, अख्खेच उचला.

तापाबद्दल. तुमच्या मित्राला पोटऱ्या प्रचंड दुखत होत्या, डोळे लाल झाले होते, असं तुम्ही लिहिलंय. नक्की निदान मी करणार नाही, पण कोकणात पावसाच्या सुरुवातीला चिखलात काम करून असा ताप आला की डॉक्टर आधी लेप्टोची शंका घेतात. उंदराच्या लघवीतून हा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. गावात पोहोचलात की सगळ्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन यावं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं आणि लेप्टोसाठी आधीच गोळ्या घ्याव्यात का ते डॉक्टरांना विचारावं. अनवाणी कुणीही उतरू नये. साप वादळाने बेघर झालेले असतात, झावळ्यांच्या ढिगाखाली फुरसं नाहीतर घोणस असणारच असं धरून काठीने हलवून मगच झावळी उचला. चावलाच तर बांधणं नाही, चिरणं नाही. हातपाय हलू न देता सरळ दवाखाना. कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे, हे कामाला सुरुवात करण्याआधी विचारून ठेवा. विहिरीत पालापाचोळा पडून कुजला असेल तर ती साफ करायला माणूस खाली उतरवू नका. आतली हवा खराब झालेली असू शकते. गळाने, बादलीने वरूनच काढा, पंपाने उपसा करा आणि ग्रामपंचायतीकडून टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) घेऊन टाका.

आता वाचवण्याचं काम. पहिल्या आठ-दहा दिवसांत जे होईल ते होईल, नंतर मुळं सुकतात. उघड्या पडलेल्या मुळांवर पहिल्याच दिवशी ओली पोती आणि माती टाका. कललेलं हापूसचं कलम तरुण असेल, आठ-दहा वर्षांच्या आतलं, तर उभं करून जगतं. आधी फांद्या एकतृतीयांश ते निम्म्या कमी करा, तुटकी मुळं साफ कापा, मग खोडाला पोतं गुंडाळून चेनपुलीने हळूहळू उचला. एका झटक्यात नाही, जेसीबीच्या दाताने तर मुळीच नाही. उभं झालं की तीन बाजूंनी बांबूचा आधार आणि बुंध्याशी माती दाबून आळं. मोठं कलम मुळांसकट पूर्ण आडवं झालं असेल तर त्याच्यावर कष्ट घालवू नका. कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यातली कलमं विशेष पडतात, कारण त्यांची मुळं खड्ड्याबाहेर गेलेलीच नसतात.

खोड मधेच मोडलं असेल तर कापण्याआधी खाली बसून कलमाचा सांधा, म्हणजे रायवळ खुंटावर हापूसची काडी जोडलेली जागा, शोधा. घाईत हेच राहून जातं. सांध्याच्या वर दोन-तीन हात खोड जिवंत असेल तर तिरका स्वच्छ काप घ्या. त्याला नवीन धुमारे फुटतील, ते हापूसचेच असतील, आणि त्यातले चार-पाच चांगले ठेवले की काही वर्षांत पुन्हा आंबा लागेल. सांध्याच्या खाली मोडलं असेल तर फुटेल तो रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा. त्यावर पुढे पुन्हा हापूसची काडी बांधता येते, मुळं तयार असल्यामुळे ते नव्या रोपापेक्षा लवकर वाढतं. तुम्ही जमिनीलगत कापलेली कलमं पाहून मला खरंच वाईट वाटलं, त्यातली निदान तीन परत उभी राहिली असती. कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. जखमी झाडाला खोडकिडा लगेच शोधत येतो, बुंध्याशी भुसा पडलाय का हे दर आठवड्याला बघा. आणि अशा झाडाला दोन वर्षं तरी कल्टार (मोहोर आणायचं औषध) घालू नका. त्याला फळाची सक्ती करण्याची ही वेळ नव्हे.

माड नुसता कलला असेल आणि अर्धी मुळं जमिनीत असतील तर बुंध्याशी मातीची भर द्या आणि सोडून द्या. तो स्वतःच वळून वर जातो, किनाऱ्यावर असे वाकडे माड पिढ्यान्‌पिढ्या नारळ देताहेत. पोफळ मोडली तर संपली, तिला एकच कोंब. नुसती कललेली असेल तर दोन-चार दिवसांत सरळ करून बांबूला बांधा. आणि उभ्या पोफळींवर कोळे रोगासाठी एक टक्का बोर्डोची फवारणी चुकवू नका. वादळाच्या गडबडीत ती राहते आणि श्रावणात फळगळ होते.

नवीन लावणीची घाई नको. निसर्गनंतर कुठलीकुठली रोपं टेम्पोने दारात आली आणि लोकांनी घेतली. कोणत्या माडाची, कोणत्या बागेतली, कुणालाच माहीत नाही. सुपारी लागायला पाच-सहा वर्षं जातात, माडालाही तेवढीच. चुकीचं रोप कळेपर्यंत एवढा काळ गेलेला असतो. विद्यापीठाची रोपवाटिका किंवा ज्याची आई-झाडं तुम्ही डोळ्यांनी पाहिली असा बागायतदार, यांच्याकडूनच घ्या, नंबर लागायला एक वर्ष थांबावं लागलं तरी. तोवर केळी, सुरण, हळद. समुद्राच्या बाजूला उंडी आणि बांबूची ओळ. आणि सगळ्या सुपारीऐवजी विद्यापीठाच्या लाखी बागेच्या पद्धतीने माडांमध्ये जायफळ, दालचिनी, मिरी घेतलीत तर पुढच्या वेळी सगळं उत्पन्न एकाच वाऱ्यावर अवलंबून राहणार नाही.

आणखी एक. पडलेली झाडं बघून घरातले वडीलधारे ‘विकून टाका सगळं’ म्हणतात. लाकडाचा व्यापारीही नेमका त्याच आठवड्यात येतो. त्या पंधरा दिवसांत जमिनीचा किंवा उभ्या झाडांचा कुठलाही सौदा करू नका. त्यांच्याजवळ बसा, वाडीत त्यांना खुर्ची टाकून द्या आणि कुठलं झाड कधी लावलं ते विचारा. कुठल्या कलमाचा सांधा किती उंचीवर आहे, हे तुमच्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सध्या तुमच्याकडे सात माड उभे आहेत म्हणता. येत्या रविवारी पाडेलीला घेऊन प्रत्येकाचा शेंडा बघून घ्या. भुंगा दिसला तर तारेच्या हुकाने ओढून काढा, वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून भरा, किंवा तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला. ज्याचा मधला कोंब हाताने ओढताच सुटून येतो आणि घाण वास येतो तो माड गेला, तो पाडून त्याच दिवशी फोडा. त्याच्यातल्या अळ्या-कोष वेचून मारा. आणि गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे जाऊन या. त्यांचाही ढीग २०२० पासून तसाच असेल तर तुमच्या सात माडांवर येणारे भुंगे तिथूनही येत असणार. त्यांची मुलंही मुंबईत असतील. एक दिवस ठरवून दोन्ही ढीग एकत्रच फोडा.